तीस मीटर सपाटी

आमच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत पाखाडीला ७३ पायऱ्या आहेत. जांभ्याच्या, काही वीतभर उंच, काही थेट गुडघ्याएवढ्या. वयाची एक्कावन्न वर्षं मी त्या चढलो-उतरलो आणि एकदाही मोजल्या नाहीत. मोजल्या त्या गेल्या वर्षी ऑगस्टात, चौघांनी मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून रस्त्यावरून खाली घरी आणलं तेव्हा. पावसाची रिपरिप, चिऱ्यांवर शेवाळ, पुढे पुतण्या, मागे भाऊ. मी खुर्चीचे हात घट्ट धरून मोजत होतो, कारण दुसरं काही करण्याइतकी ताकदच अंगात नव्हती.

मी ग्रामीण डाक सेवक. देवगड तालुक्यात खाडीकाठच्या एका गावात टपाल वाटतो. रोजची फेरी आठ-नऊ किलोमीटरची, त्यातली निम्मी चढ-उताराची. पायांवर जगणारा माणूस. म्हणून पुढचं सगळं मला जरा जास्तच लागलं असेल.

झालं असं की जुलैत आमची लावणी चालली होती. लावणीच्या दिवसांत आमच्याकडे ताप आला की पहिला संशय लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा. उंदराच्या मुतातून जंतू शेतातल्या पाण्यात येतात आणि पायाला कुठे चिरलेलं-खरचटलेलं असलं की तिथून अंगात शिरतात. आरोग्यसेविका दरवर्षी घरोघर डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देऊन जाते, आठवड्यातून एकदा घ्यायच्या. मीही घेतल्या होत्या, म्हणजे हातात घेतल्या होत्या. तिथून त्या बिस्किटाच्या डब्यात गेल्या. अजूनही असतील.

बहुतेकांचं ताप, अंगदुखी, फार तर कावीळ यावर भागतं. माझ्या फुफ्फुसांत रक्तस्राव झाला. तिसऱ्या दिवशी खोकल्यातून रक्त, चौथ्या दिवशी अ‍ॅम्ब्युलन्समधून फोंडा घाट. घाटातल्या धुक्यापर्यंत मला आठवतं. त्यानंतरचे अकरा दिवस माझ्याजवळ नाहीत, ते व्हेंटिलेटरकडे आहेत. एकूण चोवीस दिवस हॉस्पिटलात. वजन ६३ वरून ४९.

मी वाचलो, आणि ज्यांनी वाचवलं त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण डिस्चार्जच्या कागदावर नऊ औषधं होती, प्रत्येकापुढे सकाळ-दुपार-रात्र सगळं नीट, आणि अगदी तळाला एक ओळ: ‘चेस्ट फिजिओ. चालणे वाढवा.’ बस. औषधं कधी घ्यायची ते तीनदा समजावलं. चालणं कुठून आणि किती वाढवायचं ते कोणी सांगितलं नाही, आणि ते विचारायचं असतं हे आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं?

पहिल्याच रात्री कळलं. आमचा संडास अंगणापलीकडे, उकिडवं बसायचा. बसलो आणि उठता येईना. भिंतीला हात लावून, गुडघ्यावर हात रेटून, कसंही. मांड्या नुसत्या थरथरत होत्या, जशा दुसऱ्या कोणाच्या. शेवटी बायकोला हाक मारली, तर ती हाकही अंगणापलीकडे पोचेना, कारण व्हेंटिलेटरसाठी घशात घातलेल्या नळीमुळे आवाज बसलेला. तो प्रसंग इथे पुरा लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी भावाने, ज्या खुर्चीतून मला घरी आणलं होतं, तिच्याच बैठकीला करवतीने भोक पाडलं आणि ती संडासात नेऊन ठेवली. कमोडची तयार खुर्ची बाजारात मिळते हे आम्हाला दोन महिन्यांनी समजलं. तोवर भावाचीच चालली.

गिळण्याचंही तसंच. पाण्याचा घोट घेतला की ठसका. घट्ट गेलं तर निभत होतं. म्हणजे पेजेचं वरचं पाणी, जे आजाऱ्याला आपण आधी पाजतो, तेच नेमकं मला चालत नव्हतं. आई आटवल करायची, उकड्या तांदळाची, मऊसूत. हनुवटी छातीकडे झुकवून गिळायचं, ही युक्ती पुढे शिकलो. हे तीनेक आठवड्यांत सुधारलं.

आईचं वेगळंच. तिचं वय ७८. मी जरा खाटेवरून पाय खाली सोडले की माजघरातून आवाज येणार, “पडान रव! खंय जातंस उठान?” तिने देवाला गाऱ्हाणं घातलं होतं, माझ्यासाठी कोंबडा बोलली होती. आमच्याकडे आजारी माणसावरची माया म्हणजे त्याला खाटेवरून हलू न देणं. पंधरा दिवस मी त्या मायेत पडून राहिलो. भात-माशांनी वजन दोन किलो वाढलं आणि पायांतली उरलीसुरली ताकदही गेली.

मग कणकवलीच्या फिजिओथेरपिस्ट मॅडम. माझ्या मुलीच्या वयाच्या. मला वाटलं होतं, त्या छातीला काहीतरी यंत्र लावतील. त्यांनी छातीकडे नंतर पाहिलं. आधी म्हणाल्या, “काका, हात न टेकता खुर्चीतून उठून दाखवा.”

नाही उठलो.

त्या म्हणाल्या, हे अपेक्षितच आहे. लंडनमध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या मांडीचा स्नायू मोजून पाहिला होता, २०१३ साली तो अभ्यास छापून आला. पहिल्या दहा दिवसांतच स्नायूचा आकार सुमारे १८ टक्क्यांनी घटला होता. दहा दिवसांत! चाळीस वर्षं पाखाड्या चढून कमावलेल्या मांड्या. आणि शरीराने त्या नुसत्या पडून राहिल्याने नाही गमावल्या. आजार जोरात असला की शरीर आपलाच स्नायू मोडून खातं, जशी अडीअडचणीला घरातली भांडी विकावी. “फुफ्फुसाला बरं व्हायला वेळ द्या,” त्या म्हणाल्या, “पण मांड्यांना नुसता वेळ देऊन चालत नाही. त्यांना काम द्यावं लागतं.”

माझी एक मोठी शंका होती. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आम्ही घेतला होता. अंगणात दहा पावलं टाकली की मला कुत्र्यासारखी धाप लागायची आणि ऑक्सिमीटर दाखवायचा ९५. मला वाटायचं, हा खोटं बोलतोय. बायकोला वाटायचं, मी घाबरून करतोय. दोघंही चुकत होतो. स्नायू कमजोर झाला की थोड्याशा कामालाही तो लगेच थकतो, आणि मग श्वास पळायला लागतो. रक्तात ऑक्सिजन भरपूर असला तरी. म्हणजे दम छातीत लागतो, पण त्याचं मूळ मांडीत असू शकतं. हे कळलं आणि माझी निम्मी भीती गेली. तरी आकडा सोडायचा नाही, असं मॅडमनी बजावलं. व्यायाम करताना माझ्यासाठी हद्द ८८. त्याखाली गेला की थांबायचं, बसायचं. आणि हात गार असताना त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. श्रावणात पावसातून आल्यावर मी लावला तर त्याने ८१ दाखवले, घरात रडारड. हात चोळून, चुलीपुढे शेकून लावला तर ९६.

आता जरा माझ्या मूर्खपणाचं. हॉस्पिटलातून येताना तीन गोळ्यांचं ते यंत्र दिलं होतं. पारदर्शक, निळ्या-पिवळ्या गोळ्या, वर लिहिलेलं ६००, ९००, १२००. मी तीन आठवडे त्यात जीव खाऊन फुंकत होतो. गोळ्या हलेनात म्हणून यंत्रच बिघडलंय असं ठरवून ते कपाटावर ठेवून दिलं. मॅडमनी विचारलं तेव्हा कळलं, त्यात फुंकायचं नसतं, आत ओढायचं असतं. हळू, लांब, नेवैद्याचा वास घेतल्यासारखं. आकडे म्हणजे सेकंदाला किती मिलिलिटर हवा आत गेली ते. पहिल्या दिवशी एकच गोळी उडाली, तीही लाजत. दिवाळीला दोन. तिसरी मकरसंक्रांतीच्या आसपास.

फुंकायचं ते वेगळं. नाकातून श्वास आत घेताना दोन आकडे, ओठांचा चंबू करून सोडताना चार. मॅडम इंग्रजी नाव सांगत होत्या, तोवर माझी बायको म्हणाली, “म्हणजे फुंकणी.” अगदी तेच. चूल पेटवताना आपण फुंकणीतून फुंकर घालतो ती. अशी फुंकर घातली की फुफ्फुसातल्या बारीक नळ्या श्वास सोडताना मिटत नाहीत, हवा पुरी बाहेर पडते आणि पुढचा श्वास आत यायला जागा होते. पाखाडी चढताना पाय उचलायचा तो फुंकर घालतानाच. दोन पायऱ्या फुंकर, मग थांबून श्वास. दम जास्त लागला तर गडग्यावर, म्हणजे कडेच्या दगडी कुंपणावर, बसून कोपरं गुडघ्यांवर टेकायची, पुढे वाकायचं. पूर्वी म्हातारे असे बसलेले दिसायचे. मला वाटायचं, विचार करतायत.

खरी चूल मात्र आम्ही मागल्या पडवीत हलवली. पावसात ओली लाकडं धुमसतात, आणि त्यात मसाल्याच्या मिरच्या भाजल्या की धडधाकट माणूससुद्धा अंगणात पळतो.

घरचे व्यायाम साधे होते. खुर्चीतून उठ-बस: पहिल्या दिवशी हात टेकून तीन. ओटीवरचा खांब धरून टाचा उचलणं. हातांसाठी वजनं घ्यायला सांगितली, तर घरात नारळ होतेच. सोललेला नारळ अर्ध्या किलोच्या आसपास भरतो, दोन्ही हातांत एकेक. आंघोळ स्टुलावर बसून. सदरा घालायचा तोही बसून. उभ्याने हात वर करून कपडे घालण्यात केवढा दम जातो हे निरोगी माणसाला पटत नाही. दमाची मोजणी शून्य ते दहा. शून्य म्हणजे आराम, दहा म्हणजे आता मेलो. बोर्ग नावाच्या स्वीडिश माणसाने ही मोजपट्टी काढली. व्यायाम तीन-चारवर ठेवायचा. मी माझं टपाली माप केलं: चालता चालता समोरच्याला नाव-पत्ता सांगता आला तर चाल, फक्त नाव सांगता आलं तर थांब.

आणि मग ती सपाटी.

मॅडमना माझी सहा मिनिटांची चाल मोजायची होती. ही जगभर चालणारी चाचणी आहे. तीस मीटरची सरळ, सपाट जागा, दोन टोकांना खुणा, सहा मिनिटं आपल्या वेगाने ये-जा करायची, लागलं तर थांबायचं, आणि एकूण किती मीटर झाले ते लिहायचं. दर महिन्याला करून कळवा, म्हणाल्या.

तीस मीटर सपाट! मी गावातलं प्रत्येक घर ओळखतो, आणि मला अशी जागा आठवेना. आमची ओटी पाच पावलांची. खळं उतरतं. देवळाचा सभामंडप दोरीने मोजला, बारा मीटर. शाळेचा व्हरांडा एकोणीस, त्यातही मध्ये एक पायरी. आमचं अख्खं गाव उतारावर चिकटवल्यासारखं आहे. सपाट काय असेल तर ते वरचा सडा. मैलभर कातळ, ताटासारखा. पण सड्यावर जायचं म्हणजे आधी ७३ पायऱ्या आणि मग चढाचा रस्ता. ज्याला सपाटीची गरज त्यालाच ती मिळणार नाही, अशी व्यवस्था.

शेवटी पुतण्याने मार्ग काढला. सकाळी घरातले दोघं मला पायऱ्यांवरून वर घ्यायचे, तिथून मोटारसायकलने सड्यावर. सुंभाने तीस मीटर मोजून दोन टोकांना दोन चिरे ठेवले. ते चिरे अजून तिथे आहेत, गुराखी पोरं त्यांचा स्टंप करतात. सप्टेंबरचे दिवस, कातळावर सीतेच्या आसवांची जांभळी चादर आणि तिच्यात मी दोन चिऱ्यांमध्ये खेपा घालतोय, पुतण्या मोबाइलवर वेळ लावून ओरडतोय. पहिल्या वेळी १६० मीटर. दोनदा थांबून. माझी जुनी फेरी पन्नासपट होती.

सड्याचा आणखी एक फायदा, तिथे रेंज येते. घरी येत नाही. त्यामुळे पंधरा दिवसांतून एकदा कणकवली आणि मधल्या आठवड्यात सड्यावरून व्हिडिओ कॉल असं जमवलं. कणकवलीची एक खेप म्हणजे अख्खा दिवस. पाखाडी, एसटी, रिक्षा, अर्धा तास व्यायाम, परत एसटी. व्यायामाने जितका सुधारत होतो त्यापेक्षा जास्त प्रवासाने मोडत होतो. मला एक सारखं वाटतं. गावात उपकेंद्र आहे, त्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, आरोग्यसेविका आहे, आशाताई आहे. खुर्चीतून उठ-बस मोजणं, दोन चिऱ्यांमध्ये चालवून वहीत आकडा लिहिणं, श्वासाचं यंत्र सुलटं धरलंय का बघणं, याला काय लागतं? दोन दिवसांचं शिक्षण. बाळाचं वजन दर महिन्याला करतातच ना त्या. तसा हाही एक तक्ता.

गणपतीत मुंबईची मंडळी आली. जो तो दारात येऊन, “अर्धो झालंस मरे!” एक काकी तर उंदरांनाच शिव्या घालून गेल्या, “शिरा पडो त्यांच्या तोंडार!” ते चालतं. पण आरतीत शेवटी सगळे जो लांब सूर धरतात, तिथे माझा सूर मध्येच तुटला आणि मी झांज वाजवत राहिलो. पलीकडच्या घरातला माझा शाळासोबती माझ्याकडे बघत होता. त्याला मी ओळखलं, नाव मात्र आठवेना. सत्तेचाळीस वर्षांची ओळख.

हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. पोस्टमनला नावं आठवेनात म्हणजे काय? पत्त्यावरचं नाव वाचायचो आणि घर डोळ्यांपुढे येत नसे. रात्री स्वप्नं पडायची, त्याच त्या माणसांची. पांढरे कपडे घातलेली माणसं माझी टपालाची पिशवी खाटेखाली ओतून पत्रं फाडतायत आणि माझे हात बांधलेले. मला ते खरंच घडल्यासारखं आठवतं. हॉस्पिटलातच घडलेलं.

मुलगी रत्नागिरीला नर्सिंगला आहे. तिला एकदा सांगून टाकलं. ती म्हणाली, बाबा, हे तुमचं एकट्याचं नाही. अतिदक्षता विभागातून वाचलेल्यांची ताकद, आठवण आणि मन तिन्ही ढासळू शकतात, २०१२ पासून डॉक्टरांच्या पुस्तकांत या दुखण्याला स्वतंत्र नाव आहे. त्या अकरा दिवसांत भ्रम होतो, औषधांनी, तापाने, झोप नसल्याने. हात बांधलेले असणंही खरं असेल, नळी उपटू नये म्हणून बांधतात. काही देशांत त्यासाठी नर्सेस रुग्णाची रोजनिशी लिहितात, म्हणजे नंतर त्याला कळतं की त्या दिवसांत खरं काय झालं.

माझी रोजनिशी कोणी लिहिली नव्हती. पण भावाने खर्चाची वही ठेवली होती. चाळीस पानी, पाठीवर पाढे. ती त्याने आणून दिली.

‘१६ तारीख. चहा ३०. झेरॉक्स १२. आज डोळे उघडले, ओळखलं नाही. १७. लॉज ६००. हात बांधले, नर्स म्हणाली नळी ओढतो. वहिनी रडली. १९. इंजेक्शन ३४५०. पालथा झोपवला, चौघे लागले. २३. केळी ४०. नळी काढली. पहिला शब्द पिशवी. पिशवी कुठली ते समजलं नाही. रिक्षा १५०.’

मी ती पानं ओटीवर बसून वाचली. पुन्हा वाचली. पालथा झोपवल्याचं मला काहीच माहीत नव्हतं. पिशवी कुठली ते मला माहीत होतं. स्वप्नं त्या दिवसापासून एकदम थांबली असं नाही, पण ती आली की मी तारीख शोधतो. ही १७ ची, असं म्हणून कूस बदलतो.

जानेवारीत कामावर परत गेलो, वरच्या वाडीपुरता. माझी फेरीच मग व्यायाम झाली. पहिल्या आठवड्यात चार घरं, मग सात, मग देवळाकडचा तिठा. प्रत्येक घरी बसायला पाट आणि पाणी, त्यामुळे थांब्यांची कमतरता नाही. बायका दुरूनच ओरडायच्या, “सावकाश या, पत्र काय पळून जाणार नाही.” खालची वाडी पुतण्याकडे.

मुलीने मध्ये एक वाचून दाखवलं. टोरोंटोच्या डॉक्टरांनी फुफ्फुसं अशीच निकामी होऊन वाचलेल्या १०९ जणांचा पाच वर्षं पाठपुरावा केला. पाच वर्षांनी फुफ्फुसं जवळपास पूर्ववत होती, पण सहा मिनिटांची चाल मधल्या माणसाची ४३६ मीटर, म्हणजे त्या वयाला जितकी हवी त्याच्या ७६ टक्के. आणि ती बरीचशी तरुण माणसं होती. ऐकून आधी छातीत धस्स झालं. मग मी माझी वही काढली. सड्यावरचा शेवटचा आकडा ४२०. त्यांच्याहून सोळा मीटर कमी, आणि मला तर अजून दीडही वर्ष झालं नाही.

तो आकडा डोक्यात गेला असावा. गेल्या मंगळवारी खालच्या वाडीतल्या शेवटच्या घराचं स्पीड पोस्टचं पत्र आलं, मुंबईच्या मुलाचं. ते घर अगदी खाडीला टेकलेलं, ११० पायऱ्या खाली. पुतण्याला म्हटलं, आज मीच जातो. उतरणं सोपं असतं, हे मी विसरलो. काकींनी सही केली, चहा दिला, आंबोळ्या दिल्या. निघालो. बाविसाव्या पायरीवर गडग्यावर बसलो. तीसवर परत बसलो. एकतिसाव्या पायरीसाठी पाय उचलला तर मांडीने साफ नकार दिला. उतरून परत त्यांच्या ओटीवर.

काकींनी बघितलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, “टपाल इला. आता टपालवाल्याक कोण पोचयतलो?”

त्यांचा धाकटा मुलगा होडी घेऊन मासे मारायला निघतच होता. त्याने मला होडीत घातलं, खाडीने वळसा घालून जेटीवर सोडलं, आणि जेटीवरून पुतण्याची मोटारसायकल. होडीत जाळ्याच्या ढिगावर बसून मी बोटाला ऑक्सिमीटर लावला. नाडी ११२, ऑक्सिजन ९४. त्या घराचं टपाल शिमग्यापर्यंत पुतण्याच नेईल, असं ठरलंय.